बारकीचं निळं पाणी

दुसऱ्या मजल्यावरची बारकी परदेशात सोनं चोरताना पकडली गेली आणि म्हणून तिला तिथून हाकललं, अशी बातमी आमच्या इमारतीत आली. निघाली लाँड्रीवाल्याच्या टेबलावरून. जिन्याच्या पहिल्या वळणावर सोनं चिमूटभर होतं. गच्चीत कपडे वाळत घालणाऱ्यांपर्यंत पोचलं तेव्हा ते किलोभर झालं आणि बारकी तुरुंगातही राहून आली. इतक्या सुबक बातमीला धक्का लावायला माझं मन होत नव्हतं, पण शेजारधर्म म्हणून खरं काय ते सांगतो.

बारकीने आयुष्यात जेवढं सोनं हाताळलं ते सगळं गोळा केलं तरी एका अंगठीचा अर्धा वेढा व्हायचा नाही. तेही पाण्यात तरंगणारं, डोळ्यांना न दिसणारं. आणि तिला कुणी हाकललं नाही. ती आपल्या पायांनी आली, दोन बॅगा घेऊन. एकीचं चाक तुटलं होतं. ती बॅग तिने प्रत्येक पायरीवर आपटत वर नेली, त्यामुळे ती तोंड लपवून आली असंही म्हणता येत नाही.

बारकी म्हणजे कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्यांची धाकटी. थोरलीला मोठी म्हणायचे, हिला बारकी. खरी नावं शाळेच्या दाखल्यावर असतील. मोठी लग्न करून दुसऱ्या गावी गेली आणि तिथे संसार आणि वजन दोन्ही वाढवून सुखात आहे. बारकी लहानपणी वडिलांच्या दुकानात काउंटरमागे स्टुलावर बसायची आणि चष्म्याचे स्क्रू मापाप्रमाणे काड्यापेट्यांत लावून ठेवायची. एका पेटीतला स्क्रू दुसऱ्या पेटीत सापडला तर त्या दिवशी चष्मेवाल्यांना जेवण गोड लागायचं नाही. म्हणजे बारकी लागू द्यायची नाही.

पुढे विज्ञान शिकली, वरच्या नंबराने पास झाली, आणि एक दिवस घरात जाहीर केलं की मी नॅनोटेक्नॉलॉजी करणार. चष्मेवाले मला जिन्यात गाठून म्हणाले, "अहो, हे काय असतं?"

मी म्हटलं, "नक्की माहीत नाही, पण पगार बारीक असावा."

बारकी मागेच उभी होती. तिने मग मला धरून समजावलं. एका केसाच्या जाडीचे हजारो भाग केले तर जो एक भाग येईल, तेवढ्या मापाच्या वस्तूंचं हे शास्त्र. "वस्तू इतकी बारीक झाली ना दादा, की तिचा स्वभावच बदलतो. सोन्याचे असे कण पाण्यात सोडले की पाणी पिवळं नाही, लाल दिसतं. आणि तेच कण एकमेकांना चिकटले की पाणी निळं होतं."

"माणसं बारीक झाली तर स्वभाव बदलतो का, तेही बघ. आमच्या घरी उपयोग आहे."

ती खो खो हसली. तेव्हा हसायची.

पहिलं विद्यापीठ थंड मुलखातलं होतं. तिथे तिची खोली छपराखाली, उतरत्या भिंतींची. सरळ उभं राहायचं तर मधोमधच, बाकी सगळीकडे मान वाकवून. स्वयंपाकघर सहा जणांत एक, फ्रिजमध्ये प्रत्येकाची फळी ठरलेली आणि प्रत्येकाचं दूध दुसऱ्याने प्यायलेलं. प्रयोगशाळा तळघरात होती, कारण रस्त्यावरून ट्रक गेला तरी तिथल्या सूक्ष्मदर्शकाला हादरा बसायचा. तिथल्या म्हाताऱ्या प्रोफेसरला सगळे एकेरी नावाने हाक मारत. बारकीच्या जिभेला ते जमेना आणि 'सर' म्हटलं की तो चिडायचा. तेव्हा वर्षभर तिने त्याला कशानेच हाक मारली नाही. काम असलं की शेजारी जाऊन खोकायची. त्याने एकदा काळजीने तिला डॉक्टरांकडे पाठवलं.

पण त्या खोकण्यातून काम मोठं उभं राहिलं. जुन्या नळांमधून पिण्याच्या पाण्यात शिसं उतरतं. ते दिसत नाही, चवीला लागत नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूत जाऊन बसतं. ते शोधायला मोठी यंत्रं लागतात. बारकीचं म्हणणं असं की यंत्र कशाला, एक थेंब पुरला पाहिजे. पाण्यात लाल थेंब टाका. शिसं असेल तर कण चिकटतील, निळं होईल. नसेल तर लालच राहील. कुठल्याही घरी, कुठल्याही बाईला ओट्याशी उभं राहून बघता यावं.

आणि तिला ते जमलं. शिसं घातलेलं पाणी दर वेळी निळं झालं, शुद्ध पाणी दर वेळी लाल राहिलं. शिसं कमी केलं तरी निळं, आणखी कमी केलं तरी निळं. प्रोफेसर म्हणाला, एवढी तिखट कसोटी मी बघितली नाही. मोठ्या जर्नलमध्ये पेपर आला, पीएचडी झाली, कुठे कुठे भाषणं झाली. दोन बाटल्यांचा एक फोटो, एक लाल आणि एक निळी, तिने घरी पाठवला. चष्मेवाल्यांनी तो चौकटीत बसवून दुकानात अक्षरांच्या तक्त्याशेजारी लावला. डोळे तपासायला आलेल्या माणसाला ते आधी वरची मोठी अक्षरं वाचायला लावत आणि मग म्हणत, "आता इकडे बघा. ही आमच्या बारकीची बाटली." ज्याला ती निळी दिसायची नाही त्याला चष्मा जाड लागायचा.

इथे एका बारीकशा गोष्टीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावर फिरतं. अक्षरशः फिरतं. हे मिश्रण चमच्याने ढवळत नाहीत. भांड्याच्या तळाशी एक लोहचुंबकाची कांडी टाकतात, बोटाच्या पेराएवढी, वरून पांढऱ्या गुळगुळीत प्लास्टिकने मढवलेली. खाली यंत्र चालू केलं की कांडी आपोआप गरगर फिरते. बारकीने पहिल्याच दिवशी स्वतःला नियम घालून घेतला की शिशाच्या पाण्याची कांडी वेगळी आणि शुद्ध पाण्याची वेगळी. एकीचं शिसं चुकून दुसरीकडे जायला नको. दोन कांड्या, दोन वाट्या, दोन चिमटे. काड्यापेट्यांत स्क्रू लावणाऱ्या मुलीने दुसरं काय केलं असतं?

दुसरं विद्यापीठ दुसऱ्या खंडात. तिथे भिंती काचेच्या, सगळी उपकरणं नवी कोरी, आणि प्रोफेसर आत आला की सगळे उभे राहायचे. बारकी इतकी वर्षं खोकून दमलेली, तिला उठबस करायची सवय लागायला वेळ लागला. तिने आपला प्रयोग मांडला. शिसं घातलं, थेंब टाकला, कांडी फिरवली. पाणी लाल. शिसं वाढवलं. लाल.

तिने पाणी बदललं. सोन्याची बाटली बदलली. हवा दमट आहे म्हणून खिडक्या बंद केल्या, कोरडी आहे म्हणून उघडल्या. ज्या स्वेटरमध्ये पहिल्यांदा जमलं होतं तो घालून, घाम गाळत प्रयोग केला. शास्त्रज्ञ अंधश्रद्धाळू नसतात असं मी समजत होतो. ती म्हणाली, "दादा, जमत नसलं की अंधश्रद्धेत आम्ही कुणाचेही बाप असतो."

इतर देशांतूनही विचारणा यायला लागल्या की तुमच्या पद्धतीने आमचं पाणी निळं होत नाही. बारकी सगळ्यांना मनापासून एकच सल्ला द्यायची. तुमची भांडी अस्वच्छ असतील, नीट धुवा. आधी आम्लाने, मग शुद्ध पाण्याने, मग पुन्हा आम्लाने. स्वतःही तेच करायची. आमच्याकडे ती सुट्टीला आली तेव्हा तिने आमच्या घरी चहाचा कप हातात घेतला, उजेडात धरला आणि खाली ठेवला. बायको आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, जसा काही कप मी विसळला होता.

याच सुमारास लांब्याही गेला. लांब्या म्हणजे तिच्यासोबत शिकलेला मुलगा, उंचीने दाराच्या चौकटीशी भांडणारा. लग्न ठरल्यात जमा होतं. पण त्याला नोकरी एका टोकाला, हिला दुसऱ्या. त्याच्या सकाळी हिची झोपायची वेळ. बोलता बोलता एकजण नेहमी पेंगत असायचा. शेवटी न भांडता तुटलं. तिच्या आईला हे न भांडणंच जास्त लागलं. म्हणायची, "निदान ओरडाआरडा तरी करायचा. काहीतरी होतं असं वाटलं असतं."

तिसरं विद्यापीठ समुद्रकाठचं. तिथे बारकीच्या हाताखाली एक विद्यार्थिनी होती, हुशार, अबोल. बारकीचा पेपर वाचूनच त्या विषयाकडे वळलेली. तिचंही पाणी लाल राहायचं. बारकी तिला म्हणायची, "पुन्हा धू." ती धुवायची. आम्लाने बोटांची कातडी निघायला लागली तरी धुवायची. दोनेक वर्षांनी ती मुलगी म्हणाली की माझ्या हातातच काहीतरी घाण आहे, मला हे काम यायचं नाही. आणि सोडून गेली. बारकीने तिला थांबवलं नाही, कारण बारकीलाही तसंच वाटत होतं.

मग आमच्याच गावातल्या विद्यापीठात कायमची जागा निघाली. चष्मेवाल्यांचे हात आता थरथरत होते, स्क्रू पिळताना दोनदा खाली पडायचा. आईचे गुडघे गेले होते. बारकीने अर्ज केला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं ते त्या निळ्या पाण्याच्या जोरावर. इकडे येण्याआधी ती पहिल्या विद्यापीठात गेली. म्हातारा प्रोफेसर निवृत्त होत होता, तळघर रिकामं करत होते. तिने त्याच्या शेजारी उभं राहून खोकून विचारलं की शेवटचं एकदा माझ्या जुन्या टेबलावर करून बघू का?

जुनी भांडी, जुनी वाटी, शिशाची जुनी कांडी. थेंब टाकला आणि पाणी निळं झालं.

तिने तिथूनच घरी फोन लावला. चष्मेवाले दुकानातच होते. फोन ठेवला आणि शटर अर्धं ओढून रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी फिरून आले. औषधवाल्याला सांगितलं, लाँड्रीवाल्याला सांगितलं, मला तर खांद्याला धरून हलवलं. "जमलं हो. पुन्हा जमलं. पाणी निळं झालं." मी म्हटलं, "अहो, हळू, लोकांना वाटेल नळाला आलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी बारकी तोच प्रयोग पुन्हा करत होती, मापं टिपण्यासाठी. आनंदात माणूस सैल होतो. वाट्यांवरच्या चिठ्ठ्या इतक्या वर्षांत पुसल्या होत्या आणि तिने न बघता शिशाची कांडी शुद्ध पाण्यात टाकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला. थोड्या वेळाने बघते तर शुद्ध पाणी निळं.

त्यात शिसं नव्हतं. काहीच नव्हतं.

तिने कांडी चिमट्याने काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पांढऱ्या प्लास्टिकला एक चीर गेली होती, डोळ्यांना न दिसणारी. चिरेच्या आत लोखंड, आणि लोखंडावर गंज. तो गंज कणाकणाने पाण्यात उतरत होता आणि सोन्याचे कण चिकटवत होता. शिसं असो नसो. म्हणूनच शिसं कितीही कमी केलं तरी निळं व्हायचं. ते पूर्ण काढून टाकलं असतं तरी झालं असतं, पण तसं बघायला ती कांडी शुद्ध पाण्यात टाकावी लागली असती, आणि तेवढं एक ती मरेपर्यंत करणारी नव्हती. जी निष्काळजी असती तिला हे पहिल्याच महिन्यात कळलं असतं. आणि जगभर ज्यांना जमलं नाही त्यांची भांडी स्वच्छ होती. सगळ्यांचीच.

तिने प्रोफेसरला सांगितलं. तो पुठ्ठ्याच्या खोक्यात पुस्तकं भरत होता. कांडीकडे बघून म्हणाला, "मी उद्यापासून इथे नाही. तुझी मुलाखत पंधरवड्यावर आहे. आधी नोकरी घे, मग पेपर मागे घे. पाणी तर कुणाचं बिघडलेलं नाही."

ते खरंच होतं. तिच्या थेंबावर विसंबून कुणी पाणी प्यायलं नव्हतं, कारण तो थेंब कुणाच्या ओट्यापर्यंत पोचलाच नव्हता. बारकीने तरी त्याच दिवशी जर्नलला कळवलं. मुलाखतीत सगळ्यात आधी तिने स्वतःच हे सांगितलं. टेबलापलीकडे चार-पाच जण. मधले गृहस्थ चष्मा काढून म्हणाले, "पण मॅडम, आम्ही तुम्हाला याच कामासाठी बोलावलं होतं."

"माहीत आहे."

"मग आता आम्ही काय विचारायचं?"

चहा आला होता म्हणून सगळ्यांनी प्यायला, कपबश्यांचा आवाज झाला, आणि तिला धन्यवाद मिळाले.

जर्नलने एक ओळ छापली की लेखिकेच्या विनंतीवरून हा लेख मागे घेण्यात येत आहे. मी तिला म्हटलं, "निदान भांडण तरी होईल, कुणी शिव्या देईल." कुणी दिल्या नाहीत. दोघा-तिघांनी कळवलं की आम्ही केव्हाच नाद सोडला होता. त्या अबोल विद्यार्थिनीला तिने सविस्तर लिहिलं, तुझे हात स्वच्छ होते असं. उत्तर आलं नाही.

घरी सांगणं सगळ्यात अवघड गेलं. मी तेव्हा दुकानात चष्म्याची दांडी बसवून घ्यायला गेलो होतो आणि उठून जायला हवं होतं, पण दांडी त्यांच्या हातात होती. चष्मेवाल्यांनी सगळं ऐकलं आणि भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं.

"मग हा निळा रंग खोटा?"

"रंग खरा आहे, बाबा. कारण खोटं होतं."

"तू खोटं बोलली नाहीस ना?"

"नाही."

"मग राहू दे की तिथे."

"नको बाबा." तिने स्टुलावर चढून चौकट काढली. मागे भिंतीचा चौकोन उजळ राहिला होता. चष्मेवाले माझ्या चष्म्याच्या काचा पुसत बसले, आणि मग दांडीही पुसत होते.

आता बारकी दुकानात बसते. गिऱ्हाइकाच्या नाकावर चौकट ठेवते, कानामागे बोट घालून बघते, स्क्रू पिळते. हात तिचा फार हलका आहे. मी येता-जाता टोमणा मारतो, ती अर्ध्या ओठाने उत्तर देते. तिच्या आईने परवा मला जिन्यात थांबवलं. "भाऊ, ती वेळेवर जेवते, बोलते, माझी औषधंही आणते. पण आता कशालाच 'का' म्हणून विचारत नाही हो. पूर्वी जीव खायची."

गेल्या आठवड्यात विद्यापीठातले तेच मधले गृहस्थ दुकानात आले. माणूस वाईट नाही. काचा बदलून घेता घेता म्हणाले की एक तात्पुरती जागा निघते आहे, तुमचे बाकीचे पेपर आहेत, तीन देशांतला अनुभव आहे, अर्ज करा. बारकीने त्यांचा चष्मा डब्यात घालून दिला आणि "बघते" म्हणाली. ते गेल्यावर तिने पुढची चौकट हातात घेतली.

मी बाकावर बसलो होतो. राहवलं नाही. म्हटलं, "अगं, बघते काय, करून टाक. इतकी वर्षं कुठे कुठे राहून शिकलीस ती काय आमच्या नाकाची मापं घ्यायला? चुंबक गंजला, तू नाही गंजलीस."

ती मान वर न करता स्क्रू पिळत राहिली.

मग म्हणाली, "दादा, तिथे पहिला प्रश्न असतो, तुम्ही काय शोधलंत. काय सांगू, गंज? तो लोकांना आधीपासून माहीत आहे."